स्टेशन रोडवरचे गुलमोहर

खुंट्याला दावं होतं, पण दाव्याला ठकी नव्हती. ते पाहताच भगवंतराव घाबरले. एरवी घाबरले नसते. शेळी म्हटली की सुटायचीच, आणि पोट भरलं की यायचीच. पण उद्या कल्याणहून मामलेदारसाहेब येणार होते, आणि तेही नेमके स्टेशन रोडवर लावलेली झाडं पाहायला.

भगवंतराव छत्री न घेताच पळत सुटले. ठकी सापडली ती रस्त्याच्या अगदी शेवटच्या गुलमोहरापाशी. बांबूची जाळी आडवी पडली होती, ठकी उभी होती आणि तिच्या तोंडातून एक हिरवा तुरा लोंबत होता. मागे वळून पाहिलं तर सगळ्याच जाळ्या आडव्या. वनमहोत्सवात भाषणं करून, नारळ फोडून लावलेल्या गुलमोहरांचे आता बोटाएवढे बुंधे उरले होते. ठकीने तुरा गिळला आणि मालकाकडे मोठ्या प्रेमाने पाहिलं.

भगवंतराव अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात कारकून. दिवसभर ओंडक्यांच्या काड्या होताना पाहायच्या आणि संध्याकाळी बदलापुरात येऊन झाडं लावायची, असा त्यांचा दुहेरी संसार. उल्हासनगरच्या कॅम्पात निर्वासितांनी बराकींपुढे फुलझाडं लावली हे ऐकल्यापासून त्यांना झोप नव्हती. काल आलेली माणसं दारं सजवतात आणि आपण पिढ्यान् पिढ्या चिखल तुडवतो? म्हणून सुशोभन मंडळ निघालं, भगवंतराव सेक्रेटरी झाले, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने पाटी रंगवली: 'झाडे खाणारे जनावर कोंडवाड्यात जाईल. मालक कोणीही असो.'

यातलं शेवटचं वाक्य बुधाजींसाठी होतं. बुधाजी भातशेतीवाले, आडदांड, आणि त्यांच्या दोन शेळ्या त्यांच्याहून आडदांड. मागच्या पंधरवड्यात त्या शेळ्यांनी एका गुलमोहराचा नुसता वास घेतला, तर भगवंतरावांनी त्यांना भर बाजारातून वाजतगाजत कोंडवाड्यात नेलं. बुधाजी तेव्हा एवढंच म्हणाले होते, "सेक्रेटरी, शेळी तुमच्या दारात बी हाय. मी वाट बघतो."

आता ती वाट संपली होती. भगवंतरावांनी ठकीला धोतराच्या सोग्याआड लपवता येते का ते पाहिलं. येत नव्हती. मग मागच्या बांधावरून तिला ओढत घरी आणलं.

"घाल कोंडवाड्यात," आई, म्हणजे बनूबाई, अंथरुणावरून म्हणाल्या. गेली दोन वर्षं त्यांच्या पोटात ठकीच्या दुधाखेरीज काही ठरत नव्हतं. "माझी वळकटी पण तिकडंच टाक. बाजारातून नेताना ताशा लावायला विसरू नको."

"आई, पाटी मीच लिहिलीय."

"मग तूच जाऊन बस की कोंडवाड्यात."

भगवंतरावांच्या पत्नी कुमुदिनीबाई चुलीपाशी होत्या. त्या परसदारी गेल्या आणि शेवग्याची एक डहाळी घेऊन आल्या. "हे पान बघा. बारीक बारीक, पिसासारखं. गुलमोहराचं तरी वेगळं काय असतं?"

"अगं, गावातलं शेंबडं पोर शेवगा ओळखेल."

"गावाला दाखवायचंय की मामलेदारांना? साहेब तर देशावरच्या पेठेत वाढलेला माणूस. ताटात शेंग ओळखत असेल, झाडावर नाही. रोवलेल्या फांद्या दोन दिवसांनी वाळल्या की म्हणायचं, पाऊस जास्त झाला."

भगवंतरावांना हे अजिबात पटलं नाही, पण दुसरं काही सुचतही नव्हतं. संध्याकाळी पाऊस असा कोसळला की रस्त्यावर कुत्रंसुद्धा उरलं नाही. नवराबायको एका घोंगडीखाली निघाली. त्यांनी बुंधे उपटले, शेवग्याच्या फांद्या खोल रोवल्या, जाळ्या उभ्या केल्या आणि चिंब होऊन परत आली. भगवंतरावांना लग्नानंतर इतकं धडधडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मामलेदार स्टेशनाच्या पायरीवरच थांबले. बूट नवे होते आणि पुढे चिखल होता. त्यांनी चष्मा पुसला. "हेच का ते गुलमोहर?"

बदलापुरात शेवगा न ओळखणारा त्या घडीला एकच माणूस होता आणि त्याला नमस्कार करायला सगळे जमले होते. तेवढ्यात गर्दी बाजूला सारून बुधाजी पुढे आले. झालं, संपलं, असं मनाशी म्हणत भगवंतरावांनी डोळे मिटले.

"गुलमोहरच, सायब," बुधाजी म्हणाले. "आमच्या सेक्रेटरींनी पोटच्या पोरागत वाढवलेत."

साहेबांनी भगवंतरावांच्या गळ्यात हार घातला आणि ते पुढच्या गाडीने गेले.

त्या हाराने भगवंतरावांची झोप उडवली. बुधाजी खरं का बोलले नाहीत? नक्कीच मोठा डाव असणार. त्यात फांद्या वाळायचं नावच घेईनात. उलट त्यांना कोंब फुटले, दिवाळीपर्यंत त्या जाळीच्या वर गेल्या. वाटेत भेटले की बुधाजी हळूच म्हणायचे, "झाडं लय भारी झाली तुमची." भगवंतरावांना तेवढ्यानेच घाम फुटायचा. फाल्गुनात तर कहर झाला. गुलमोहरांना शेवग्याच्या शेंगा लागल्या. गावातल्या बायका आकडी घेऊन येऊ लागल्या, घरोघरी आमट्या उकळू लागल्या, आणि गुलमोहराला हे काय लागलं, असं कोणी चुकूनही विचारलं नाही.

एका रविवारी बुधाजी शेंगांची जुडी घेऊन दारात उभे राहिले. भगवंतरावांनी मनातल्या मनात सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला.

"भगवंतराव," बुधाजी ओट्यावर टेकत म्हणाले, "वरीस होत आलं, बोलीन बोलीन करतोय. सायब यायच्या आदल्या पहाटेला माज्या दोन्ही शेळ्या सुटलेल्या. मी पोचेस्तवर समदा रस्ता साफ. शेवटचं एक झाड तेवढं राहिलेलं. गुमान घरी आणल्या. म्हटलं, आता सेक्रेटरी माजी वरात काढनार. तर दुसऱ्या दिशी बघतो, तुमी शेवगा लावलेला. माजी अब्रू राखलीत तुमी."

भगवंतरावांनी आधी आतल्या दाराकडे पाहिलं. तिथे कुमुदिनीबाईंनी तोंडात पदर कोंबला होता. खरं सांगून टाकावं असं त्यांना क्षणभर वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण इतक्या महिन्यांच्या घामानंतर असा वारा अंगावर आला की माणूस दार लावत नाही.

"असू द्या, बुधाजी," ते घसा साफ करून म्हणाले. "शेजारधर्म आहे. पण जनावर बांधून ठेवायला शिका. गावाची शोभा म्हणजे काय चारा आहे?"

"चुकलंच," बुधाजी मान खाली घालून म्हणाले. कुमुदिनीबाईंनी चहा आणला. बुधाजींनी बशीत ओतून पहिला घोट घेतला, तोच परसाकडच्या खोलीतून बनूबाईंचा खणखणीत आवाज आला.

"भगवंता, धाव रे. ठकी सुटली. परत स्टेशनाकडच्या झाडांवर गेली बघ, मागच्या खेपेसारखी."

बुधाजींनी बशीकडे पाहिलं, मग भगवंतरावांकडे, मग पुन्हा बशीकडे. भगवंतराव आढ्याकडे पाहत होते. बुधाजींनी उरलेला चहा सावकाश संपवला, बशी पालथी घातली आणि उठून वहाणा पायात सरकवल्या.

"चला, सेक्रेटरी," ते म्हणाले. "दोघंच जाऊ. निघताना मी बी शेळ्यांच्या वाड्याचं दार लावायचं इसरलो."