आधी वाचून दाखवा

मुग्धाने माझ्यावर चोरीचा आरोप केला तेव्हा ती आठवीत होती आणि माझ्या हातात एका बालपुस्तकाच्या झेरॉक्सचा गठ्ठा होता. पुस्तक एक, मुलं डझनभर आणि गुरुवारी दुपारी ऑफिसचं मशीन मोकळं, इतका तो साधा मामला होता. मुग्धाने वरचं पान पाहिलं आणि म्हणाली, "काका, धिस इज थेफ्ट."

"अगं, शुक्रवारच्या मराठी वर्गासाठी आहे. पुण्याचं काम आहे."

"टेक्निकली काका, पुण्य तुमचं, पण पुस्तक त्या लेखिकेचं. तिने पोट कशावर भरायचं? तुमच्या टोनरवर?"

टोनर माझाही नव्हता, कंपनीचा होता.

दुबईपलीकडच्या रास अल खैमात तेव्हा मराठी कुटुंबं मोजकीच होती. पुरुष सिमेंटमध्ये नाहीतर सिरॅमिकमध्ये, मी सिमेंटच्या अकाउंट्समध्ये. मुलं घरात इंग्रजी बोलायची, खाली खेळताना हिंदी, आणि मराठी फक्त रागावून घेण्यापुरती कळायची. म्हणून मुग्धाच्या आईने, आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या सुनीतावहिनींनी, मराठी वर्ग काढला. हॉल आमचा मोठा, म्हणून वर्ग आमच्याकडे. सुट्टीवरून परतणाऱ्याने चिवड्याचं एक पाकीट कमी आणायचं आणि मुलांचं एक पुस्तक जास्त, असा वहिनींचा दंडक होता. त्यातून आमचं एक कपाट भरलं.

मुग्धाला शाळेच्या डिबेटमध्ये कॉपीराइट हा विषय मिळाला होता. डिबेट एका दुपारी आटोपली, मुग्धा मात्र थांबेना. कुणाकडे व्हिडिओ कॅसेट लागली की तिचा पहिला प्रश्न, "ओरिजिनल आहे का?" ओरिजिनल कुठली असायला! मग ही बाई टीव्हीकडे पाठ करून बसायची. गाणं लागलं की पाय तेवढा हलायचा.

झेरॉक्सच्या बाबतीत ती हटली नाही. मोठ्याने वाचून दाखवलं तर चालेल, स्वतःपुरतं हाताने उतरवून घेतलं तरी चालेल, पण मशीनवर छापून वाटायचं नाही. शेवटी त्या उन्हाळ्यात मी पुण्याहून त्याच पुस्तकाचा गठ्ठा विकत आणला. येताना विमानतळावर कस्टमच्या साहेबाने बॅग उघडली. एक पुस्तक काढलं, दुसरं काढलं, तिसरं काढलं. सगळ्यांच्या मुखपृष्ठावर तोच उंदीर.

"हबीबी, व्हाय ऑल सेम?"

"कॉपीराइट," मी म्हणालो.

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि "यल्ला, गो" म्हणून बॅग ढकलली. मुग्धाला हे सांगितलं तर ती हसलीसुद्धा नाही. म्हणाली, "सी? कायद्याने वागलं की सोडतात."

पुढच्याच वर्षी सुनीतावहिनी गेल्या. आजार लांबला नाही, त्यामुळे मनाची तयारीही कुणाची झाली नाही. मुग्धा नववीत होती आणि धाकटी जुई जेमतेम चारची. त्यांचे बाबा शिफ्ट करून यायचे आणि सोफ्यावर नुसते बसून राहायचे. आम्हाला वाटलं, आता मुलींना सांगलीला आजीकडे पाठवतील. मुग्धाने बाबांना सांगितलं, "नाही. जुई इथेच राहणार. तिचं सगळं मी बघेन." आणि खरोखरच ती बघू लागली. वेणी, डबा, गृहपाठ आणि झोपताना गोष्ट. वर्ग माझ्या बायकोने चालवायला घेतला आणि कपाटाची किल्ली मुग्धाने न विचारता आपल्याकडे घेतली.

तिची पुस्तकबंदीबद्दलची मतं आम्हाला तेव्हा कळली. बाहेरून येणाऱ्या मासिकांत एखाद्या चित्रावर तिथल्या सेन्सॉरने काळं मार्कर फिरवलेलं असायचं. आपण पान उलटतो. मुग्धा ते पान ट्यूबलाइटसमोर धरून एक डोळा मिटून पाहायची.

"काय दिसलं?"

"काही नाही. एका बाईचा खांदा. मार्कर नसतं तर मी बघितलंही नसतं."

मग गोखलेकाकूंची तक्रार आली. कपाटात भुताच्या गोष्टींचं एक पुस्तक होतं, ते वाचल्यापासून त्यांचा चिन्मय बाथरूमला एकटा जात नव्हता. पुस्तक काढून टाका, म्हणाल्या. माझी बायको भिडस्त, ती काढूनही मोकळी झाली असती. मुग्धा म्हणाली, "काढू ना. पण रूल आहे. ज्यांना पुस्तक नकोय त्यांनी ते आधी सगळ्या मुलांना वाचून दाखवायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

हा रूल कधी झाला असं मी विचारलं. "आत्ता," ती म्हणाली.

काकू तणतणत वाचायला बसल्या. पहिल्या पानावर आवाज कोरडा होता. भूत पिंपळावरून उतरलं आणि काकूंच्या नकळत ते नाकात बोलायला लागलं. "कोंण आंहें रें तिंकडें?" मुलं एकमेकांना बिलगली. काकूंनी पदर डोक्यावरून घेतला, डोळे फिरवले, मध्येच एक किंकाळी फोडली. खालच्या मजल्यावरचा पठाण काय झालं म्हणून विचारायला वर आला. गोष्ट संपल्यावर मुलं "काकू, वन्स मोअर" म्हणून ओरडत होती आणि सगळ्यात मोठा आवाज चिन्मयचा होता. पुस्तक कपाटात परत गेलं. पुढे आणखी दोघांनी दोन पुस्तकांवर हरकत घेतली. वाचून दाखवायची अट ऐकून एकाने माघार घेतली आणि दुसऱ्याने वाचल्यावर ते पुस्तक घरी नेलं.

त्यामुळे मुग्धा दहावीत असताना एका गुरुवारी स्वतःच एक पुस्तक घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मला आधी गंमतच वाटली.

"काका, हे कपाटातून काढायचं."

पुस्तक एका खारीच्या पिल्लाचं होतं. आई दाणे आणायला जाते, पिल्लू दिवसभर ढोलीत बसून वाट बघतं. पानं कमी, चित्रं मोठी.

"का गं?"

"जुई रोज तेच मागते. तिला त्रास होतो. ती लहान आहे, तिला नाही कळत."

माझी बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली. "घेऊन जा बाळा घरी. कोण विचारतंय तुला?"

"असं नाही काकू." मुग्धाने मान हलवली. "रूल सगळ्यांना आहे. उद्या वाचते."

"तुला जमेल का?" बायकोने विचारलं. मुग्धा पुस्तक घेऊन समोरच्या दारात शिरलीसुद्धा.

शुक्रवारी हॉल भरला. मुलं सतरंजीवर, आया सोफ्यावर, जुई मुग्धाच्या गुडघ्याला टेकून. मुग्धा बातम्या दिल्यासारखी वाचत होती. पिल्लाने पानं मोजली. पिल्लाने ढोली झाडली. पिल्लाने आईसाठी एक दाणा बाजूला ठेवला. बाहेर अंधार पडायला लागला. इथे मुग्धाने पुस्तक मिटलं.

"खलास. संपली गोष्ट. आता हे काढून टाकू या."

"नो," जुई म्हणाली. "वन मोअर पेज आहे."

"नाहीये."

"आहे. ताई, तू रोज सोडतेस. तू झोपलीस की मी बघते."

कॉपीराइटवर भांडणारी, काकूंना गप्प करणारी, साऱ्या बिल्डिंगला कायदा शिकवणारी ती मुलगी पुस्तक छातीशी धरून बसली होती, आणि तेव्हा मला समजलं की त्रास जुईला होत नव्हता. रोज रात्री त्या पानापर्यंत येऊन हीच अडत होती. दीड वर्षात आमच्यापैकी कुणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आम्ही त्याला तिचा कणखरपणा म्हणत होतो आणि निर्धास्त होत होतो.

जुईने तिच्या हातातून पुस्तक हळूच सोडवलं. तिची मराठी अक्षरओळख नुकतीच झालेली. शेवटचं पान उघडून तिने बोट ठेवलं.

"आ… ई… आई. घ… री… घरी." ती थांबली, पुढचा काना शोधला. "आ… ली. आली."

मुग्धाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. माझी बायको उठून तिच्या मागे जाऊन बसली. गोखलेकाकूंनी चिन्मयला जवळ ओढलं. मलाही रडू आलं.

जुईने वर बघितलं. "ताई, बरोबर वाचलं ना?"

"बरोबर," मुग्धा म्हणाली. "परत वाच."