राणीसाहेबांच्या खुर्चीचे आटे गेले ते समयाची हकीकत

श्रीगणरायास व समुद्रदेवास नमन असो. जो अथांग असोन ओहोटीच्या समयी माणसास वाट देतो, त्याचे साक्षीने हा मजकूर लिहिला आहे. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष वद्य पक्ष. संवत्सराचे नाव क्रोधी, परंतु राज्यात क्रोध थोडा आणि भय फार, ऐसे जाहले. राज्य कोणते, हे सांगण्याची आमची योग्यता नाही. एके बाजूस खाडी, एके बाजूस दर्या, मध्ये वाळूची जीभ आणि तीवर एक कौलारू घर, इतकीच त्या राज्याची हद्द. तेथील धनी मोरेश्वरराजे तांडेल. राजांनी सारी उमर खाडीवरील तरीवर घालविली, माणसे पार केली, गुरे पार केली, वऱ्हाडे पार केली, आणि म्हातारपणी घरी बसले. त्यांची राणी हेमलताबाई. बाईंस अर्धांगवायू होऊन उजवे अंग गेले, आणि मग पुळणीवर चालणे खुंटले. तेव्हा राजांनी, किनाऱ्यावर पाहुण्यांस फेऱ्या मारविणाऱ्या एका इसमापासोन चहू जाड चाकांचे जुने वाहन घेतले. त्यास लोक एटीव्ही म्हणतात. अर्धी फटफटी, अर्धी गाडी, वाळूत रुतत नाही. राजांनी त्याचे मागील बाजूस लोखंडी खुर्ची करविली, वाहनाचे लोखंडी सांगाड्यास, ज्यास चासी म्हणतात, चार बोल्टांनी आवळिली, आणि रोज सांजवेळी राणीसाहेबांची स्वारी पाण्याचे कडेपर्यंत जाऊ लागली. पहिले दिवशी राणीसाहेब वाहनाकडे पाहोन बोलिल्या, "हा रेडा कुठून आणलात? यमाने पाठवला की काय?" राजे म्हणाले, "यम माझ्यापेक्षा बरा चालवतो. तू घट्ट धरून बस." येणेप्रमाणे वर्ष सुखात गेले.

परंतु खारे वारे लोखंडास सुख देत नाही. खुर्चीचे उजवे मागील बोल्टास गंज चढोन त्याचे डोके तुटोन पडिले. राजांनी पक्कड लावोन उरलेला तुकडा काढिला आणि बाजारातून तितकाच जाड नवा बोल्ट आणिला. जाडी तीच, परंतु चासीचे भोकातील आटे, म्हणजे पेचाच्या खाचा, बारीक आणि नव्या बोल्टाचे आटे जाडे, हे राजांचे ध्यानी आले नाही. बोल्ट दोन फेरे गेला आणि अडला. आता तरीवरील तांडेलाची रीत ऐसी की दोर जितका ओढावा तितकी होडी निर्धास्त. तीच रीत राजांनी लोखंडास लाविली. पान्यास लांब नळी जोडिली, नळीवर सारे अंग टाकिले, आणि बोल्ट कुरकुरत आत गेला. राजे संतोषोन म्हणाले, "आता सात जन्म हलायचा नाही." तो आत जाताना चासीचे आटे खात गेला, हे बाहेरोन कोणास दिसावे?

राणीसाहेबांचे अंग उजवीकडे झुकते, म्हणोन सारा भार त्याच बोल्टावर. एकादशीचे सांजवेळी वाहन वाळूच्या टेंगळावर चढत असता बोल्ट सुटला, खुर्ची कलंडली आणि राणीसाहेब वाळूत पडिल्या. इजा जाहली नाही. परंतु पडल्यावर अंग हलेना, तोंडात वाळू, आणि राजे पुढे पाहात तैसेच काही अंतर चालले. हाक ऐको आली नाही, इंजिनाचा आवाज फार. मागे वळोन पाहतात तो खुर्ची रिकामी. मग राजे कैसे धावले ते आम्हांस लिहवत नाही. घरी आल्यावर राणीसाहेब इतकेच बोलिल्या, "आता मी त्यावर बसणार नाही."

येथे अडचण ऐसी की राणीसाहेबांची वडील बहीण, जिला सारे अक्का म्हणत, ती वाळूचे पार टोकास बेटासारख्या वाडीत राहात असे. तेथे सडक नाही, होडीत चढणे राणीसाहेबांस साधत नाही, आणि वाळूची वाट फक्त अमावास्येच्या व पौर्णिमेच्या मोठ्या ओहोटीस उघडी पडते. अक्का ऐंशीच्या पुढे गेलेली. तिचा मुलगा तिला अमावास्येनंतर शहरात कायमची नेणार, ऐसे ठरलेले. ही अमावास्या चुकली म्हणजे बहिणींची भेट पुन्हा होईल की नाही, हे कोणी उघड बोलिले नाही, परंतु घरात ताटावर बसता सर्वांचे ध्यानी तेच.

मग राजांनी चहाचे टपरीवर दरबार भरविला. टपरीचे मालक भिवाजी गुरव, तेच प्रधान. ते म्हणाले, "तांडेल, सरळ वेल्डिंग मारून टाका. खुर्ची आणि चासी एकच. कटकट मिटली." दुसरा म्हणाला, "दोरखंडाने बांधा. दोर तुम्हाला कळतो, बोल्ट कळत नाही." त्यावर सारा दरबार हसला, आणि राजेही हसले, परंतु चहा तसाच टाकोन उठले. खाडीपलीकडे होड्यांची इंजिने दुरुस्त करणारे अझीझ मिस्त्री होते. राजे आणि मिस्त्री लहानपणी एकाच धक्क्यावर पोहलेले. राजांनी त्यांस बोलावणे धाडिले. मिस्त्री आले, खाली वाकले, भोकात करंगळी घालोन फिरविली, आणि करंगळीस लोखंडाचा कीस लागला तो राजांस दाखविला.

"मोरू, हे काय केलंस?"

"घट्ट केलं."

"घट्ट नाही केलंस रे, गळा दाबलास त्याचा."

"वेल्डिंग मारू या?"

"बाजूला पेट्रोलची टाकी आहे. आणि पुढच्या वेळी इंजिन उघडायचं तर खुर्ची कापायची? थांब जरा."

मग मिस्त्रींनी टाकी उतरविली आणि मोहीम आरंभिली. जुने फाटके आटे ड्रिलने साफ केले, भोक किंचित मोठे केले, आणि त्यात टॅप म्हणोन पोलादी हत्यार असते ते उभे धरोन नवे आटे पाडू लागले. अर्धा फेरा पुढे, मग थोडे मागे, की कीस तुटोन पडावा; तेल सोडावे, पुन्हा अर्धा फेरा. राजे म्हणाले, "मी करतो." मिस्त्रींनी मूठ हाती दिली. राजे पुढे पुढेच नेऊ लागले. टॅप करकरला. मिस्त्री ओरडले, "मागे घे! मोडला तर भोकातच अडकेल, मग मला बोलवू नकोस!" राजांनी हात काढोन घेतला आणि अंगणाचे कडेस जाऊन उभे राहिले. मिस्त्रींनी काम पुरे केले. मग तारेची एक घट्ट गुंडाळी, तीस ते इन्सर्ट म्हणत, नव्या आट्यांत फिरवोन बसविली. म्हणजे आतोन भोक पुन्हा पहिल्या मापाचे जाहले, आणि लोखंड पहिल्याहून मजबूत. बरोबर आट्यांचा बोल्ट मिस्त्रींनी स्वतः आणिला होता. त्यास ग्रीस लाविले आणि राजांपुढे धरोन म्हणाले, "हा बोटांनी लावायचा. पान्याने नाही. बोटांनी गेला तर सरळ आहे. अडला तर वाकडा आहे, काढायचा आणि पुन्हा लावायचा."

राजांनी बोल्ट घेतला नाही. म्हणाले, "माझा हात नको. माझ्याच हाताने ती पडली."

राणीसाहेब पडवीत बाकावर बसोन हे सारे पाहात होत्या. त्या बोलिल्या, "इकडे आणा."

"काय?"

"ती गाडी इकडे आणा. बसणार मी ना? मग लावणार पण मीच."

दोघा म्हाताऱ्यांनी वाहन ढकलीत पडवीशी आणिले. मिस्त्री म्हणाले, "वहिनी, जमेल?" राणीसाहेब म्हणाल्या, "चाळीस वर्षं जाळी दुरुस्त केली, भाई. कुठली गाठ सैल ते बोटं सांगायची, डोळे नाही." ऐसे बोलोन डाव्या हाताने बोल्ट घेतला, भोकाशी धरिला, आणि डोळे मिटिले. पहिल्याने तो अडला. त्यांनी जोर केला नाही, काढिला. पुन्हा धरिला, पुन्हा अडला, पुन्हा काढिला. तिसऱ्याने बोल्ट धरतीत पाणी मुरावे तैसा आत गेला, आणि राणीसाहेबांचे तोंडावर, किती दिवसांनी, हसू आले. त्या म्हणाल्या, "गेला. सरळ गेला." शेवटास पाना राजांकडे दिला. राजांनी हलके आवळिला.

"पुरे," राणीसाहेब म्हणाल्या.

"अगो, अजून थोडा..."

"पुरे म्हटलं ना."

आणि राजे थांबले. लग्नानंतर इतक्या त्वरेने राजे कधी थांबले होते, याचा दाखला आमचे ऐकण्यात नाही. असल्यास आमची चूक समजावी.

अमावास्येस उजाडता मोठी ओहोटी लागली, वाळू ओली आणि कठीण जाहली, आणि स्वारी निघाली. राणीसाहेब खुर्चीवर बसल्या. वाटेत राजे घडोघडी मागे वळोन पाहात. राणीसाहेब म्हणाल्या, "पुढे बघा. मी आहे." टोकास पोचतात तो अक्का काठी टेकीत वाळूवर उभी. राजांनी राणीसाहेबांस उचलोन अंगणातील बाकावर बसविले, अक्का शेजारी बसली आणि बोलिली, "वाळलीस गो." राणीसाहेब म्हणाल्या, "तू काय फुगलीस?" दोघी हसल्या. अक्काने बहिणीचा उजवा हात उचलोन आपल्या मांडीवर घेतला आणि कुरवाळू लागली. राणीसाहेबांनी थोडा वेळ तैसेच पाहिले. मग हळूच म्हणाल्या, "अक्का, तो नको. त्याला काही कळत नाही. हा धर." आणि डावा हात पुढे केला. त्याचे बोटांस ग्रीसचा काळा डाग राहिला होता. अक्काने तो दोन्ही हातांत धरिला. सांजेची ओहोटी लागेपर्यंत सोडिला नाही. राजे पाण्याकडे तोंड करोन बसले होते. त्यांचे डोळ्यांत काय होते ते आम्हांस दुरोन दिसले नाही.

इत्यर्थ: आटे गेले होते ते बसले, भेट व्हावी ती जाहली, राणीसाहेब जशा गेल्या तशा सुखरूप घरी आल्या. कमी-जास्त लिहिले गेले असल्यास जाणत्यांनी दुरुस्त करावे. मजकूर समाप्त.