चौथा स्क्रू

जव्हारला आमच्या आळीत ज्या वस्तूला स्क्रू किंवा नट आहे, त्या प्रत्येक वस्तूवर एक लाल रेघ आहे. हातपंपाच्या दांड्यावर आहे, किराणा दुकानाच्या शटरवर आहे, अंगणवाडीच्या घसरगुंडीवर आहे. माझ्या मोटारसायकलवर सव्वीस ठिकाणी आहे, मी मोजलंय. रेघ बारीक आणि सरळ, अर्धी स्क्रूच्या डोक्यावर, अर्धी शेजारच्या पत्र्यावर. रंग नेलपॉलिशचा. रेघा ओढणारे लक्ष्मण भोये, मूळ गाव जामसर, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त, माझे शेजारी.

भोयेकाका फौजेत आर्मोरर होते. आर्मोरर म्हणजे पलटणीच्या बंदुका दुरुस्त करणारा आणि सांभाळणारा माणूस. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत त्यांच्याकडे जुन्या रायफली सुधारण्याचं काम होतं. रायफलीच्या डोक्यावर खाचांची एक धातूची पट्टी बसवायची आणि त्या पट्टीवर नेम धरायची काचेची नळी, जिला ते ‘साइट’ म्हणतात. आधी जवान लोखंडी खाचेतून नेम धरायचा. आता काचेतल्या लाल ठिपक्याने धरतो. पट्टी चार स्क्रूंवर बसते. स्क्रू पान्याने आवळायचा, पान्याने ‘टक्’ असा आवाज केला की थांबायचं, आणि मग त्यावर रंगाची रेघ मारायची. पुढे कधी स्क्रू सैल झाला तर रेघेचे दोन तुकडे समोरासमोर राहत नाहीत. या रेघेला भोयेकाका ‘साक्षीदार’ म्हणतात.

या शब्दाने आळीत एकदा मोठा घोळ झाला. पलीकडच्या गावितगुरुजींची बांधाची केस तेव्हा तहसील कचेरीत चालू होती. गुरुजी शाळेत गेलेले. भोयेकाकांनी कुंपणावरून त्यांच्या बायकोला सांगितलं, “वहिनी, तुमच्या मागच्या दाराला तीन साक्षीदार ठेवलेत. त्यातला एक हललाय.”

वहिनींनी शाळेत फोन केला. गुरुजी वर्ग सोडून घरी आले आणि दारातूनच ओरडले, “कोण हलला? कोणी फोडला त्याला?”

“लाकूड फुगलंय, त्यानं हलला,” भोयेकाका म्हणाले. “आवळतो आता.”

‘हललं का?’ हा त्यांचा नमस्कार आहे. रस्त्यात कोणी भेटलं की लोक ‘बरं आहे ना’ विचारतात. ते विचारतात, “काय, हललं नाय ना काय?” नवीन माणूस गोंधळतो. जुने लोक “नाय, जाग्यावर हाय” असं सांगून पुढे जातात. माझ्या सासऱ्यांचा पाय मोडला तेव्हा भोयेकाका दवाखान्यात भेटायला आले. सोबत शहाळं होतं आणि खिशात बाटली. त्यांनी प्लास्टर आणि पलंगाची दांडी यांवर मिळून एक रेघ ओढली आणि म्हणाले, “आता झोपेत पाय हलवलात तर सकाळी कळंल.” सासरे रात्रभर जागे राहिले.

नेलपॉलिश ते बाजारातल्या कटलरीच्या दुकानातून घेतात. दुकानदारीण त्यांना ओळखते.

“काका, या वेळी गुलाबी न्या. नवीन आलीय, चमकीची.”

“लाल. चमकी नको. चमकीत चीर दिसत नाय.”

“काकूंना गुलाबी शोभंल.”

“काकूला नट नाय,” भोयेकाका म्हणाले आणि लाल बाटली उजेडात धरून पाहिली.

हा संवाद दुकानातून सुमनकाकूंपर्यंत पोचला. त्या माझ्या बायकोला म्हणाल्या, “एकवीस वर्षं फौजेत व्हता तेव्हा हे येड नव्हतं. घरी आला आणि लागलं. देव्हाऱ्याच्या कडीला रेघ, कुकरच्या दांडीला रेघ. एक दिवस मी झोपले असंन नि कपाळावर मारील.”

घट्टपणाबद्दल त्यांची मतं पक्की आहेत. जीपवाला स्टेपनीचे नट पायाने पाना दाबून आवळत होता, तर त्याला खाली बसवून समजावलं: “घट्ट म्हंजे जोरात नाय. घट्ट म्हंजे सांगितलंय तेवढं.” भिंतीवर फोटो लावायचा असला तर ओळंबा आणतात, साइट बसवताना ती तिरकी नाही ना, हे तसंच पाहतात म्हणे. एका सव्वीस जानेवारीला शाळेच्या मुख्याध्यापकांना वाटलं, ध्वजाचा खांब कललाय. भोयेकाकांना बोलावणं गेलं. पाहुणे खुर्च्यांवर, पोरं रांगेत, आणि हे ओळंबा धरून खांबाभोवती फिरतायत. तिन्ही बाजूंनी पाहून त्यांनी जाहीर केलं, “खांब सरळ हाय. शाळा कललीय.” ते खरं होतं. पुढे बांधकामाच्या साहेबांनी येऊन तेच लिहून नेलं.

मी जिल्ह्याच्या एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. भोयेकाका आमचा पेपर रोज वाचतात, म्हणजे त्यातली एकच चौकट वाचतात. आदल्या दिवशी चुकीचं छापलेलं नाव, चुकलेला आकडा, यांबद्दल ‘चूकदुरुस्ती’ म्हणून तिसऱ्या पानावर तळाला दोन ओळी येतात. ती नसली की विचारतात, “आज काय चुकलं नाय तुमचं?” आवाजात थोडी निराशा असते.

मागच्या मे महिन्यात ते सकाळी आठला माझ्या ओट्यावर आले. इस्त्रीचा शर्ट, बूट. बसले नाहीत.

“पेपरवाले, एक दुरुस्ती छापायची हाय.”

“कोणत्या बातमीची?”

“बातमी नाय. माझी.”

त्यांनी उभ्यानेच सांगितलं. मी ते क्रमाने लिहून घेतलं. निवृत्तीला तीन महिने उरले असताना त्यांच्या पलटणीत किसन झुगरे नावाचा जवान बदलून आला. मोखाड्याच्या बाजूचा. आल्यावर आठवड्याने त्याच्या रायफलीवर पट्टी आणि साइट बसवायचं काम भोयेकाकांकडे आलं. दुसऱ्या दिवशी निशाणेबाजीच्या मोठ्या कोर्ससाठी निवड होती. सकाळी किसनने गोळ्या झाडून नेम जुळवला. जुळला. मग निवडीच्या पाच गोळ्या झाडल्या, त्या फळ्यावर कुठेही गेल्या. निवड घेणाऱ्या उस्तादांनी शेरा दिला, की जवानाचा हात स्थिर नाही. संध्याकाळी रायफल जमा झाली तेव्हा भोयेकाकांनी पाहिलं. चारही स्क्रूंवर रेघा होत्या आणि चौथी मोडली होती. सवयीने रेघ मारली होती, पण तो स्क्रू पान्याने आवळायचाच राहिला होता. नुसता बोटाने फिरवलेला.

“मंग?”

“मंग आवळला. रेघ पुसली. नवी मारली. ती मोडलेली रेघ माझ्याशिवाय कुणाला वाचता आली नसती.”

“कोणाला सांगितलं नाही?”

“नाय.”

“चौथा राहिला कसा?”

“लक्ष नव्हतं,” ते म्हणाले आणि माझ्या पंख्याच्या बोल्टकडे पाहू लागले.

दोन वर्षं झाली होती. आता किसन रजेवर घरी आला होता, आणि मोखाड्याच्या बाजारात त्याच्या चुलत्याकडून भोयेकाकांना कळलं होतं, की तो नोकरी सोडतोय. नोकरीची पंधरा वर्षं भरत होती. पुढे चालू ठेवायची तर ठेवता येत होती, बढतीही होती. पण तो सगळ्यांना सांगत होता, माझा हात कापतो, फौजेत माझं काम नाही. रजा संपवून सोमवारी परत जाणार आणि सोडण्याच्या कागदावर सही करणार.

मी म्हणालो, आम्ही आमच्या पेपरने केलेलीच चूक दुरुस्त करू शकतो. शिवाय पलटणीतली गोष्ट तालुक्याच्या पानावर कोणी छापणार नाही.

“मंग तोंडी सांगावं लागंल,” ते म्हणाले. तोंडी हा शब्द त्यांनी एखादा आजार सांगावा तसा उच्चारला.

सुमनकाकू कुंपणापलीकडून ऐकत होत्या. “तुम्ही जा भाऊ संगती,” त्या मला म्हणाल्या. “नायतर अर्ध्या वाटेवरनं जीपचे नट आवळून परत येईल.”

आम्ही जीपने मोखाड्याला गेलो आणि तिथून पाड्यापर्यंत चालत. वाटेत भोयेकाकांनी एकाही गोष्टीला हात लावला नाही. किसन घराखालच्या शेतात राब भाजायची तयारी करत होता. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात, त्यासाठी तो शेणावर पालापाचोळा पसरत होता. अंगाने दणकट, पस्तिशीचा. त्याची आई बांधावर करवंदं निवडत बसली होती. आम्हाला पाहून किसन काठी टाकून वर आला आणि भोयेकाकांच्या पाया पडला. त्यामुळे काम आणखी अवघड झालं.

“बसा,” आई म्हणाली. “तुम्ही तरी सांगा याला काय ते. हात कापतो म्हणतो. भात कापताना तर कधी हात कापला नाय याचा.”

भोयेकाका बसले नाहीत. टाचा जुळवून म्हणाले, “जवान किसन झुगरे. तुम्हारी रायफल, बट नंबर बासष्ट—”

“काका, हिंदीत काय बोलता?” किसन हसला. “मी काय सुभेदार हाय?”

भोयेकाका थांबले. मग त्यांनी त्या दोघांच्या बोलीत सांगितलं. मला बहुतेक सगळं कळलं. स्क्रू, पान्याने आवळणं राहिलं, रेघ मोडली, पुसली, गप्प बसलो. एकही गोष्ट गाळली नाही आणि एकदाही चुकून झालं असं म्हटलं नाही.

किसन खाली पाहत होता. आई निवडायची थांबली होती.

“दोन वर्षं, काका,” किसन म्हणाला.

“हो.”

“दोन वर्षं मी हात बघतोय माझे. जेवताना. पाण्याचा तांब्या धरताना. बायकोला सांगायचो, बघ, कापतोय का.”

 

मग किसनने आईच्या पुढ्यातली पाच करवंदं उचलली, बांधावरची माती हाताने सपाट केली आणि ती तिच्यावर मांडली. एक वर, दोन डावीकडे, एक खाली, एक उजवीकडे. पाच गोळ्या फळ्यावर जिथे लागल्या होत्या तिथे. दोन वर्षांनी त्याला जागा बोटाबोटाने पाठ होत्या.

“यातल्या ढिल्या स्क्रूच्या किती नि माझ्या किती?”

भोयेकाका उकिडवे बसले. चष्मा काढून पुसला, लावला. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, सगळ्या स्क्रूच्या. कोणीही म्हटलं असतं. दोन वर्षांच्या बदल्यात एवढं म्हणायला हरकत नव्हती. त्यांनी वरचं, डावीकडची दोन आणि उजवीकडचं अशी चार करवंदं एकेक करून आपल्याकडे ओढली.

“ह्या माझ्या,” ते म्हणाले. मग खालच्या करवंदावर बोट ठेवलं. “साइट ढिली झाली तर गोळी आडवी सरकंल, वर जाईल. एवढी खाली नाय जायची. ही तुझी. घोडा झटक्यात ओढलास.”

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं, की मी नजर वळवली.

किसन मात्र हसायला लागला. आधी नाकातून, मग मोठ्याने. “ती माझीच,” तो म्हणाला. “चौथी गोळी. ओढतानाच कळलं व्हतं मना.” त्याने ते करवंद उचललं, पुसलं आणि खाल्लं. “बाकीच्या चार कशा गेल्या, तेच कळत नव्हतं.”

थोड्या वेळाने तो म्हणाला, “सोमवारी जातो. सही नाय करत. पण साहेबांपुढं हे तुमच्या अक्षरात पाहिजे.”

“देतो.”

“चौकशी लागंल तुमच्यामागं.”

“लागू दे.”

त्यांनी माझी वही आणि पेन मागून घेतलं. मांडीवर वही ठेवून आडव्या ओळी आखल्या, फौजेच्या अहवालात असतात तशा: शस्त्र, नंबर, दोष, जबाबदार, कारण. पहिल्या चार ओळी हिंदीत भराभर लिहिल्या. ‘जबाबदार’पुढे स्वतःचं नाव आणि हुद्दा. ‘कारण’पाशी पेन थांबलं.

“लिवा ना, घाई व्हती,” किसन म्हणाला.

“घाई नव्हती.”

“मंग उजेड कमी व्हता.”

“चांगला उजेड व्हता.”

किसन उठून राबाकडे गेला आणि पाला सारखा करू लागला. भोयेकाकांनी बराच वेळ घेतला. मग लिहिलं, खाली सही केली आणि वही माझ्याकडे दिली. म्हणाले, “पेपरवाले, शुद्धलेखन बघा.”

हिंदीत होतं. मराठीत असं होईल: ‘कारण — चौथा स्क्रू आवळायच्या वेळी जवान झुगरे याने मला विचारले, की तुमच्या गावात बोहाड्याला, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवाला, कोणती सोंगं निघतात. पलटणीत एकवीस वर्षांत माझ्याशी माझ्या बोलीत बोललेला तो पहिला माणूस. मी त्याला उत्तर देत होतो.’