मुठीचं माप

दातांच्या डॉक्टरांना बोवी चाकू हवा होता. का हवा होता ते विचारू नका; हातभर लांब, टोकाशी वर वळलेला, जंगलात अस्वल आडवं आलं तर उपसायचा असा तो चाकू. डॉक्टरांची आजवरची सर्वांत मोठी झटापट न्हाणीघरातल्या पालीशी झाली होती आणि तीत पाल जिंकली होती. पण खूळ डोक्यात शिरलं की शिरलं. दूरच्या एका सुरीवाल्याकडे त्यांनी हाताने घडवलेल्या चाकूसाठी नंबर लावला आणि दोन वर्षं वाट पाहिली.

बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. दुर्बीण झाली, त्याआधी गिटार झाली, तेव्हाच तिने बजावलं होतं, की यापुढे एकही बिनकामाची वस्तू घरात आली तर ती वस्तू आणि ती आणणारा, दोघांचाही मुक्काम गच्चीवरच्या खोलीत. ती बोलते ते करते. दुर्बीण आणि गिटार तिथेच आहेत, आणि तिथे पंखा नाही.

सुरीवाल्याचीही एक तऱ्हा होती. तो फोनवर बोलायचा नाही, नमुना पाठवायचा. नंबर आला तेव्हा दवाखान्याच्या पत्त्यावर एक खोकं आलं. आत लाकडी मूठ, लाकडी पातं आणि पत्र्याचे तीन गार्ड. गार्ड म्हणजे मूठ आणि पातं यांच्या मधली आड, हात घसरून धारेवर जाऊ नये म्हणून. पहिला सरळ पट्टीचा. दुसरा नागमोडी, एक टोक वर आणि एक खाली वळलेलं. तिसरा पार मुठीच्या बुडापर्यंत गेलेला, कपाच्या कानासारखा, ज्यात चारही बोटं आत जातात. सोबत निरोप होता: पसंत पडेल तो गार्ड चढवा, मुठीवर ओली माती थापून पकडीचा ठसा घ्या, परत पाठवा. येईल तसं करून देतो. शुक्रवारी पार्सलवाला येईल. तो रिकामा गेला तर नंबर पुढच्याचा.

डॉक्टरांचं काही केल्या ठरेना. सरळ गार्ड भारदस्त वाटे, नागमोडी देखणा, कानवाला शूर. त्यांनी खुर्चीतल्या पेशंटांचा सल्ला घ्यायला सुरुवात केली. ज्यांच्या तोंडात नळी होती त्यांनी कशालाच विरोध केला नाही. एका शिक्षिकेने मात्र तीन गार्ड आणि तो लाकडी चाकू पाहून दाढ दुखायची थांबली असं जाहीर केलं आणि ती निघून गेली.

शुक्रवारी दुपारी दवाखाना रिकामा होता. मदतनीस बाई जेवायला गेल्या होत्या. डॉक्टरांनी छातीवर दगड ठेवून शूर गार्ड निवडला. आता ठसा. पण मातीचा? जो माणूस वीस वर्षं लोकांच्या जबड्यांचे ठसे घेतोय, त्याने माती थापायची? त्यांनी दातांच्या ठशाची पेस्ट कालवली, मुठीवर थापली, बोटं गार्डच्या कानात घालून मूठ आवळली. मग सवयीने, मजबुती यावी म्हणून, डाव्या हाताने वरून चांगलं दाट प्लॅस्टर ओतलं. जबड्याच्या ठशाला ते ओततातच. फरक एवढाच, की जबड्याचा मालक त्या वेळी आपलं तोंड घेऊन बाजूला झालेला असतो.

प्लॅस्टर कडक झालं. डॉक्टरांनी हात ओढला. हात आला नाही. बोटं, कान आणि मूठ यांचा एकच गोळा झाला होता आणि त्यातून ते लाकडी पातं दिमाखात बाहेर आलं होतं. त्यांनी हात नळाखाली धरला, मग साबण लावला, मग गोळा दाराच्या फटीत अडकवून जोर केला. दार उघडलं. दारात सासूबाई उभ्या होत्या.

सासूबाई कधी वेळ ठरवून येत नसत. जावयाच्या दवाखान्यात कसली वेळ ठरवायची, असं त्यांचं मत होतं. डॉक्टरांनी त्यांना दोनदा कवळी करून दिली होती आणि दोन्ही कवळ्या बोलताना टाळूपासून सुटत.

"कवळी पुन्हा सुटतेय," त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर खाली गेली. "जावईबापू, हल्ली दात असे काढतात होय?"

डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. आधी त्यांनी हे नवीन यंत्र आहे म्हणून सांगून पाहिलं, मग हाताला लागलंय म्हणून सांगितलं, आणि तिसरी थाप सुचेना म्हणून सगळं खरं ओकून टाकलं. चाकू, गार्ड, दोन वर्षं, गच्चीवरची खोली. सासूबाई पेशंटच्या खुर्चीत बसून इतक्या हसल्या, की कवळी खरंच सुटून मांडीवर पडली. ती धुऊन, परत लावून त्यांनी प्लॅस्टरची छोटी हातोडी उचलली. त्या दवाखान्यात आजवर पेशंट ओरडत आले होते. त्या दुपारी डॉक्टर ओरडले.

हात सुटला, मनगटावरचे केस मात्र प्लॅस्टरबरोबर गेले. शूर गार्डचा कान चेपून पार वाकडा झाला होता. सासूबाईंनी मुलीला काही न सांगण्याची किंमतही तिथल्या तिथे ठरवली.

"नवी कवळी. आणि बसणारी."

डॉक्टरांनी मान डोलावली. पार्सलवाला कुठल्याही क्षणी टपकणार होता. घाईघाईने त्यांनी सरळ पट्टीचा गार्ड चढवला, नवी पेस्ट थापली, सुजलेल्या हाताने कशीबशी मूठ दाबली आणि नमुना सासूबाईंकडे दिला. पात्याकडून धरा, पेस्ट कडक होईपर्यंत खाली टेकवू नका, असं ते सांगतायत तोच फोन वाजला. बायको. आई फोन उचलत नाही, तुमच्याकडे आलीय का, आणि तुमचा आवाज असा का येतोय. डॉक्टर मागच्या खोलीत जाऊन बराच वेळ खोटं बोलले. परत आले तेव्हा सासूबाई मासिक चाळत होत्या. पार्सलवाला येऊन गेला होता. खोकं त्यांनी स्वतः बांधून दिलं होतं. डॉक्टरांना भरून आलं. त्यांनी चक्क वाकून नमस्कार केला.

दोन महिन्यांनी चाकू आला. पातं असं, की त्यात डॉक्टरांना आपल्या नाकातले केस दिसले. पण गार्ड होता नागमोडी. आणि मूठ हातात घेतली तर करंगळी बाहेर लोंबत राहिली. डॉक्टरांनी फोनवर फोन केले, तेव्हा सुरीवाला आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच बोलला.

"आलं तसं केलं. बारीक मूठ, आखूड बोटं, मधल्या बोटात अंगठी. आमच्याकडे बायकांच्या ऑर्डरी कमी येतात, म्हणून जास्त जीव लावून केलाय."

फोन ठेवतात न ठेवतात तोच सासूबाई आत आल्या. दोन महिने सामान आलं नाही या सबबीवर डॉक्टर त्यांची कवळी टाळत होते. सासूबाईंनी टेबलावरचा चाकू पाहिला आणि उचलला. अंगठा गार्डच्या वरच्या वळणावर जाऊन बसला, तर्जनी खालच्या वळणामागे शिरली, आणि मूठ अशी मिटली, की मधे कागद शिरला नसता.

"पात्याकडून धरून हात अवघडला हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हटलं, धरायचंच तर नीट धरावं. ती सरळ पट्टी अंगठ्याला टोचत होती, ती काढून ही घातली. तुमचं तरी कुठे ठरत होतं?"

दोन वर्षं. डॉक्टरांना खरोखर रडू येत होतं. सासूबाईंना दया आली असावी, कारण चाकू ठेवून घेताना त्यांनी मुलीला फोन करून जावयाने आपल्याला अगदी मापाची भेट दिल्याचं कळवलं. गच्चीवरची खोली टळली. बायको उलट हळवी झाली. आईला इतकं मापात काहीतरी आणलंत, आणि मला आणलेली चप्पल अजून चावते, एवढंच ती म्हणाली.

सासूबाई पेशंटच्या खुर्चीत जाऊन बसल्या. चाकू मांडीवर, अंगठा गार्डवर.

"माझ्या तोंडाचं माप तुम्ही दोनदा घेतलंत, एकदाही बसलं नाही. मुठीचं माझं मी दिलं, ते बघा. आता घ्या तिसऱ्यांदा."

त्यांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी पेस्ट कालवली. इतकी मन लावून त्यांनी ती आजवर कोणासाठीच कालवली नव्हती, स्वतःच्या चाकूसाठीसुद्धा नाही.

कवळी पहिल्याच खेपेला बसली. आता न्हाणीघरात पाल निघाली, की डॉक्टर दार ओढून घेतात आणि सासूबाईंना फोन लावतात.