तिसऱ्या मजल्याची चोरी

हिम्मतराव देगलूरकर स्वतःची ओळख करून देताना आधी घसा साफ करत, मग चष्मा, आणि मग समोरच्याची दुपार.

"मी नजरेचा माणूस," ते सांगत. "हैदराबादच्या अख्ख्या गौलीगुड्यात अशी नजर दुसरी नाही. दारातली चप्पल बघून सांगतो, आतला पाहुणा चहावर जाणार की जेवूनच उठणार."

जन्म अबकारी खात्यात गेला होता. तिथे त्यांच्या हाती कधी बाटली लागली नाही, पण जो दिसेल त्याच्यावर संशय घ्यायची सवय लागली. निवृत्तीनंतर खातं सुटलं, सवय घरी आली. या नजरेला सहायक म्हणून घरात एकच माणूस मोकळा होता, तो म्हणजे सून मृण्मयी. ती घरून काम करायची, आणि लॅपटॉपसमोर बसलेला माणूस रिकामाच असतो, यावर सासऱ्यांचा ठाम विश्वास होता. मृण्मयीचं माहेर पुण्याचं, आणि पुण्याच्या माणसाला उलट उत्तर सुचतं लवकर; पण सासऱ्यांसमोर ते गिळावं लागतं, आणि तिनं आतापर्यंत बरंच गिळलं होतं.

त्या दिवशी मात्र तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. लेकीचा, नेहाचा, वाढदिवस होता. गेल्या वर्षी डॉक्टरांनी नेहाचा गहू बंद केला होता, तोही जन्मभरासाठी. तेव्हापासून प्रत्येक मैत्रिणीच्या वाढदिवसाला पोरगी मखाण्याचा डबा घेऊन कोपऱ्यात बसायची. आज सकाळी शाळेला निघताना ती हळूच म्हणाली, "आई, मैत्रिणींसाठी बेकरीतला खरा केक मागव ना. आपलावाला मी नंतर आत जाऊन खाते. त्या छी म्हणतील."

मृण्मयीनं बेकरीला ऑर्डर दिली, मग बाथरूममध्ये जाऊन नळ मोठा सोडला आणि पोटभर रडून घेतलं. बाहेर आली ती हट्टालाच पेटून. राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा सगळं घरीच मिक्सरमध्ये दळलं, कारण गिरणीत गहू उडतो. त्यात दही, दूध, साखर, लोणी घालून तिनं तीन थर भाजले. नेहाला तीन मजली केक हवा होता. थर गार करायला गव्हाचा कणही न लागलेली जागा घरात एकच होती: सासूबाईंची उपासाची फळी. त्या फळीवरच्या भांड्यांना पोळीचा वाराही लागत नसे. तीन ताटल्यांत तीन थर झाकून ती ऑफिसच्या मीटिंगला बसली.

मीटिंग संपवून आली तर फळीवर दोनच ताटल्या होत्या.

"बाबा!" तिची किंकाळीच निघाली.

हिम्मतराव झोपेतून उठून आले. हकिगत ऐकली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"परेशान नक्को होऊ, पोरी. केस माझ्या हातात आली म्हणजे गुन्हेगार गेला."

"गेलाच आहे, बाबा. केक घेऊन."

हिम्मतरावांनी पंचांग वाचायचं भिंग काढलं. फळी पाहिली, खिडकी पाहिली, मृण्मयीकडे तर जरा जास्तच वेळ पाहिलं. "मांजर," ते म्हणाले.

"मांजर ताटलीसकट घेऊन गेली?"

"हौ, ते पण खरं आहे." त्यांनी मांजरीला निर्दोष सोडलं आणि मोरीकडे वळले. तिथे एक रिकामी ताटली पडली होती. तिला थोडा चुरा चिकटला होता, एक तांबूस डाग होता, आणि डागात अर्धा शेंगदाणा. हिम्मतरावांनी तो चिमटीत धरून उजेडाकडे नेला.

"सुधीर!" ते गरजले.

सुधीरराव म्हणजे शेजारी. त्यांना साखरेचा आजार होता, त्यामुळे बायको गोड देत नसे, आणि ते दिवसभर भाजके दाणे खात हिंडत.

"गोडाची भूक आणि दाण्याची सवय. दोन्ही धागे जुळले," हिम्मतराव म्हणाले. "आणि हा तांबडा डाग म्हणजे पान. माणूस पान खाऊन आला होता."

"सुधीरकाका कालपासून मुलीकडे गेलेत, बाबा. कुलूप आपल्यासमोर लावलं त्यांनी."

"म्हणजे तयारी आधीपासून होती!"

मृण्मयीनं कपाळावर हात मारला. तेवढ्यात हिम्मतराव मागच्या गॅलरीत गेले आणि मूठ भरून परत आले. "बाजू हो. ठसे उमटवायला पावडर लागते."

"कसली पावडर?"

"घरचीच आहे. कणीक."

मृण्मयी उरलेल्या दोन थरांवर अक्षरशः आडवी पडली. "बाबा, गहू! एक कण जरी उडाला ना, तर हे दोन्ही फेकावे लागतील! हात मागे घ्या! श्वास पण घेऊ नका!"

हिम्मतराव श्वास रोखून, मूठ घट्ट मिटून, उलट्या पावलांनी गॅलरीत गेले. हात धुऊन आले तेव्हा थोडे दुखावले होते. म्हणून त्यांनी शेवटची शक्यता मांडली. "पोरी, रागवू नको. पण थर तीन होते, याचा पुरावा काय? तूच दोन केले असशील, आणि घाईत तीन मोजले असशील."

मृण्मयी पुन्हा एकदा गिळणार होती. पण दारात चप्पल वाजली. सासूबाई, विमलताई, संकष्टीचं दर्शन करून आल्या होत्या आणि त्यांच्यामागून शाळेची बॅग ओढत नेहा. विमलताईंनी सगळं उभ्या उभ्या ऐकून घेतलं, गॅसवरचं पातेलं उघडलं, मग फ्रिजमधला डबा उघडला.

"अहो, फराळ केला का?"

"हौ. पोटभर केला."

"दाण्याची आमटी संपली, दिसतंय. पण वरी तर मी ठेवली तशीच आहे. मग आमटी खाल्ली कशाशी?"

"तू फळीवर उपासाचा ढोकळा ठेवला होतास ना, त्याच्याशी. जरा गोड होता. वाटलं, साखर जास्त पडली असेल, पण बायकोला कशाला..."

नजरेच्या माणसाची नजर हळूहळू जमिनीला लागली.

यात त्यांची चूक तरी किती म्हणावी? लग्न झाल्यापासून दर संकष्टीला त्या फळीवर जे असेल ते हिम्मतरावांचं, असा घराचा कायदाच होता. पण मृण्मयीला आत्ता कायदा नको होता. दळलेलं पीठ संपलं होतं, मुली यायची वेळ झाली होती आणि इतक्या जिवानं केलेला मजला आमटीत बुडाला होता. ती नेहाकडे बघायलाही धजेना.

नेहा आजोबांसमोर जाऊन उभी राहिली. "आजोबा, अख्खा खाल्ला?"

"हौ, पोरी," हिम्मतराव पुटपुटले. "माफ कर."

"छी नाही लागला?"

"छी?" आजोबा खरोखरच चकित झाले. "ताटली पुसून खाल्ली मी! दुसऱ्याचं झाकण पण उचललं होतं. पण आजी काय म्हणेल, म्हणून ठेवलं."

"आमटीबरोबर पण चांगला लागला?"

"झकास!"

नेहानं फळीवरचं झाकण उचललं, थराच्या कडेचा एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. घरातली तिन्ही मोठी माणसं तिच्या हलणाऱ्या गालांकडे बघत राहिली.

"आई," ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली, "दोनच मजले चालतील. बेकरीवाला कॅन्सल कर. सगळ्यांना हाच देऊया."

"केस सुटली," हिम्मतराव हळूच म्हणाले. विमलताईंनी त्यांच्या हातात राजगिऱ्याचा डबा दिला आणि मिक्सरकडे बोट दाखवलं.

मृण्मयीनं बेकरीला फोन लावला. पण मागे मिक्सर असा घरघरत होता, की पलीकडच्या माणसाला "केक नको" एवढंच तीनदा सांगावं लागलं.