सासूबाईंचा मुक्तछंद

पातळ कागदाला डिंक लावला की त्यावरची शाई आधी नाहीशी झाल्यासारखी वाटते आणि नवव्या मिनिटाला परत वर येते. फार तर अर्धं मिनिट इकडेतिकडे. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत सतरा वर्षं काढलेल्या ताईंनी हे घड्याळ लावून पाहिलं होतं, आणि त्यांची सगळी चित्रं या नवव्या मिनिटावरच उभी होती. आधी कविता चिकटवायची, तिच्यावर रंग, वाळू, चिंध्या असं काय काय चढवायचं आणि अक्षरं जिथे वर येतील तिथे हात थांबवायचा. कुठे थांबायचं हे कवितेला आपल्यापेक्षा जास्त कळतं, असं त्या म्हणत.

कविता उतरवून देण्याचं काम सासूबाईंचं. ताई आवडलेल्या ओळी हाती लागेल त्या कागदावर खरडून लाल फाइलीत टाकायच्या आणि सासूबाई दुपारी चष्मा लावून त्या सुबक अक्षरात पातळ कागदावर उतरवायच्या. उतरवलेला कागद ताई पुन्हा वाचत नसत. वाचला तर चित्र आधीच ठरून जातं, हा त्यांचा नियम.

त्या रविवारी सकाळी नववं मिनिट भरलं आणि चित्राच्या मधोमध अक्षरं उमटली :

पाण्याच्या नमुन्यांखाली
आता माझी सही नको.
माझे हात
दुसऱ्या कामाला लागले आहेत.

ताई दोन पावलं मागे सरल्या. ओळी ओळखीच्या होत्या. त्यांच्याच होत्या.

"आई, हे कुठून उतरवलंत?"

"तुझ्या लाल फाइलीतून. का गं, काही सुटलं का?"

"अहो, हा माझा राजीनामा आहे!"

"अगंबाई!" सासूबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला. "मला वाटलं मुक्तछंद. यमक कुठे सापडेना, म्हणून ओळी तेवढ्या मी तोडल्या." मग तो पुन्हा नाकावर चढवून म्हणाल्या, "पण खरं सांगू? फाइलीतली सगळ्यात चांगली कविता हीच होती."

गेली चार वर्षं ताई हा राजीनामा लिहीत होत्या. पूर्णवेळ चित्रं काढायची हे मनाशी पक्कं होतं. अडत होतं ते साहेबांपाशी. सतरा वर्षांत त्या माणसाने एकदाही आवाज चढवला नव्हता. अशा माणसाला सोडून जाताना शब्द तरी नीट हवेत, म्हणून कागद लिहिला जाई, फाडला जाई, पुन्हा लिहिला जाई. शेवटचा तेवढा चुकून लाल फाइलीत पडला होता. आता ते शब्द ज्या चित्रात जाऊन बसले होते, ते चित्र साहेबांनीच प्रयोगशाळेच्या नव्या दालनासाठी हौसेने मागून घेतलं होतं. उद्या सकाळी अनावरण. आपण जाणार हे साहेबांना चारचौघांत भिंतीवरून कळावं, ही कल्पनाच ताईंना सोसवेना.

त्यांनी मजकुरावर पांढरा रंग फासला. नऊ मिनिटांनी शाई रंगातून वर आली, आणि पांढऱ्यावर आधीपेक्षा ठसठशीत दिसू लागली. ही शाई याच गुणासाठी त्यांनी चार दुकानं हिंडून आणली होती. मग त्यांनी गंजक्या जाळीचे तुकडे चिकटवले. वरचं 'माननीय साहेब' आणि खालची सही त्याखाली व्यवस्थित गेली, पण मधल्या मजकुराला छान चौकट मिळाली.

"उलटं टांग," दारात उभा राहून नवरा म्हणाला. "अमूर्त चित्र आहे. कुणाला कळतंय?"

"मला कळेल."

"नोकरी सोडायचीय हेही तुला चार वर्षं कळतंय. उपयोग झाला काही?"

सोमवारी चित्र उलटं टांगलं गेलं.

पडदा बाजूला झाला. टाळ्या वाजल्या. साहेब मात्र टाळी न वाजवता पुढे सरकले. सूक्ष्मदर्शकात सगळं उलटंच दिसतं. त्यात डोळे घालून तीस वर्षं काढलेल्या माणसाला उलटी अक्षरं ती काय!

"अहो, हे उलटं लागलंय," ते म्हणाले. "यात कविता आहे!"

दोघा शिपायांनी मिळून चित्र सुलटं केलं. साहेबांनी घसा खाकरला आणि भरदार आवाजात वाचायला घेतलं. 'माझे हात दुसऱ्या कामाला लागले आहेत'पाशी हेडक्लार्कबाईंनी रुमाल काढला.

"अगदी आपल्या मनातलं हो," त्या म्हणाल्या. "कुणाची कविता?"

"हिचीच!" पहिल्या रांगेतून सासूबाई म्हणाल्या. "मी फक्त उतरवली."

नवरा छताकडे बघू लागला. साहेब वाचतच होते :

सतरा वर्षं
आपण मला सांभाळून घेतलंत.
आता माझी मी
सांभाळीन म्हणते.
तरी ........ पासून
मला मोकळं करावं.

"वा!" साहेबांनी टिंबांवर बोट ठेवलं. "आणि इथे शब्दच नाहीत. काय जागा सोडलीय!"

"ते मौन आहे, साहेब," हेडक्लार्कबाई म्हणाल्या.

"छे हो. जंतू आहेत," जंतुविभागाचे डॉक्टर म्हणाले. "साखळीतले. रोज बघतो मी."

"मोजून आठ आहेत," सासूबाईंनी खुलासा केला. "तिने घातली तेवढीच मी घातली."

दालन हसलं.

"आपण कशाला डोकं लावतोय?" साहेब वळले. "कवयित्री इथेच उभ्या आहेत की. सांगा ताई, काय आहे तिथे?"

सगळ्यांच्या माना वळल्या. ताईंनी चित्राकडे पाहिलं, मग साहेबांच्या चेहऱ्याकडे. चार वर्षं ज्या शब्दांची त्यांना खात्री वाटत नव्हती, ते सगळे शब्द साहेबांनी नुकतेच स्वतः वाचले होते, आणि त्यांना आवडले होते. सांगायचं असं फारच थोडं उरलं होतं. नमुन्याचा निकाल सांगताना त्यांचा जो आवाज लागायचा, तोच आत्ता लागला.

"तारीख आहे, साहेब," ताई म्हणाल्या. "येत्या एक तारखेपासून मी नोकरी सोडतेय."