चार चिठ्ठ्या आणि नवा फ्रिज

नवा फ्रिज पाण्याच्या लाईनला आपणच जोडायचा, असं ग्रंथपालांनी ठरवलं त्याला कारण सासरे. सासऱ्यांची उभी हयात नळ जोडण्यात गेली होती आणि ‘जावयाला पानं उलटण्यापलीकडे हाताने काही येत नाही’ हे त्यांचं मत सगळ्या गोतावळ्याला तोंडपाठ होतं. आज ते पाच वाजता येणार होते. आल्याआल्या त्यांच्या हातात फ्रिजच्या नळाचं गारेगार पाणी ठेवायचं आणि पंधरा वर्षांचा डाग धुऊन काढायचा, एवढंच ग्रंथपालांना हवं होतं.

त्यांनी माहितीपुस्तक मलपृष्ठासकट वाचलं. मग सवयीने चिठ्ठ्या केल्या. सिंकखालच्या एका पाइपवर ‘गार’, दुसऱ्यावर ‘गरम’, फ्रिजच्या नळीवर ‘फ्रिज’ आणि सिंकच्या कपाटाच्या दारावर, खास बायकोसाठी, ‘हात लावू नये’.

“अहो, मेन कॉक बंद केलात ना?”

“त्याची चिठ्ठी राहिलीच की!” म्हणेपर्यंत त्यांनी ‘गार’ पाइपचा नट सोडलाही होता.

पुढचं सगळं पाण्याने केलं. ग्रंथपाल न्हाले, डबे न्हाले, छतानेही आपला वाटा घेतला. बायकोने धावत जाऊन कॉक बंद केला. परत येऊन बघते तर पाइपांवरच्या तिन्ही चिठ्ठ्या फरशीवर तरंगत होत्या. बाई नीटनेटकी, तिने त्या पुसल्या आणि जागा दिसेल तिथे चिकटवून टाकल्या.

लिहिलेल्या शब्दावर शंका घेणं ग्रंथपालांच्या रक्तात नव्हतं. सुटलेल्या नटावर आता ‘गरम’ होतं. म्हणजे मघाशी आपण चुकीचा नट सोडला तर! त्यांनी तो आवळला, शेजारचा सोडून नळी जोडली आणि कॉक उघडला. एक थेंब गळला नाही! ओल्या सदऱ्यानिशी त्यांनी बायकोभोवती गिरकी घेतली. तेवढ्यात बेल वाजली.

“कोणाला बोलावलंत जोडायला?” सासऱ्यांनी बसक्या आवाजात विचारलं.

“कोणाला नाही, बाबा. मीच!” ग्रंथपालांनी ऐटीत फ्रिजखाली ग्लास धरला. ग्लास भरला आणि त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली.

“अहो, गरम आहे हे!” बायको कुजबुजली.

पण ग्लास सासऱ्यांच्या हातात गेला होता. एक घोट. दुसरा. ग्लास रिकामा.

“आठ दिवस घसा धरलाय. जावईबापूंनी लक्षात ठेवून गरम दिलं!”

ग्रंथपालांना फार मोह झाला. पण खोटं काही जमेना.

“नाही हो बाबा. लाईन चुकली.”

सासरे गुडघ्यावर बसले. सांध्यावरून बोट फिरवलं, कोरडं. चिठ्ठ्या वाचल्या आणि खोकला येईपर्यंत हसले.

“जोड मात्र पक्का आहे हो! माझ्या पहिल्या कामात मी संडासाच्या टाकीला गरम लाईन दिली होती. थंडीचे दिवस. दुरुस्त करायला गेलो, तर मालकाने दारातच अडवलं!”

ग्रंथपालांना एकदम हलकं वाटलं. त्यांनी पाना पुढे केला. “मग हे तुम्हीच बदला.”

सासऱ्यांनी हात मागे घेतले आणि कपाटाच्या दारावरची चिठ्ठी मोठ्याने वाचली, “हात लावू नये.”

आणि रिकामा ग्लास पुन्हा फ्रिजखाली धरला.